तासाचा भाव

पहाटे ५

जुलै हा हिशेबनिसाचा महिना. सात तारखेला टीडीएस भरायचा, अकराला जीएसटीआर-१, तिमाहीवाल्यांचं तेच रिटर्न तेराला, पंधराला पीएफ आणि ईएसआय, अठराला कंपोझिशनवाल्यांचं सीएमपी-०८, वीसला जीएसटीआर-थ्रीबी, तिमाहीवाल्यांचं थ्रीबी बावीसला. आणि एकतीसला नोकरदारांचं प्राप्तिकर रिटर्न आणि टीडीएसचं तिमाही पत्रक, दोन्ही एकाच दिवशी. नोकरी होती तेव्हा या सगळ्या तारखा एका कंपनीच्या होत्या. आता त्या निरनिराळ्या माणसांच्या आहेत, आणि माझा महिना त्यांच्यावर चालतो.

आज दहा जुलै. म्हणजे दिवसभर फोन वाजणार. पण पहाटेच्या दोन तासांवर कुणाचाच हक्क नाही. सीएमए, म्हणजे कॉस्ट अकाउंटन्सीच्या, इंटरमीजिएटचा पहिला ग्रुप जूनमध्ये दिला, निकाल लागायचा आहे. दुसरा ग्रुप डिसेंबरात. प्रत्येक पेपरात किमान ४० गुण आणि ग्रुपची सरासरी ५० टक्के, असा नियम. चाळीस मिळवणं जमतं. पन्नासच्या सरासरीवर मुलं अडकतात.

बाराव्या पेपरात, मॅनेजमेंट अकाउंटिंगमध्ये, ‘की फॅक्टर’ची गणितं येतात. कारखान्यात बाकी सगळं मुबलक असतं, एकच गोष्ट तोकडी असते: कधी कच्चा माल, कधी मशीनचे तास. मग दोन मालांपैकी आधी कोणता काढायचा? ज्याच्या नगामागे जास्त सुटतात तो, असं पटकन वाटतं. पण नगामागे जे सुटतं त्याला आधी तो नग मशीनचे किती तास खातो त्याने भागायचं, आणि तासामागे जास्त कोण देतो ते बघायचं. एका नगावर ३०० सुटतात पण तीन तास लागतात; दुसऱ्यावर १५० सुटतात आणि तासाभरात होतो. तर दीडशेवाला आधी.

बी.कॉम.ला हे पाच-सात मार्कांचं गणित होतं. नोकरी गेल्यावर ते माझ्या टेबलावर येऊन बसलं. कारण भेटेल तो म्हणतो, “आता काय, वेळच वेळ!” बेकार माणसाकडे वेळ भरपूर असतो ही नोकरीवाल्यांची समजूत आहे. अभ्यास, नोकरीचा शोध आणि मिळेल ते सुटं काम ही तिन्ही एकाच दिवसात बसवायची म्हटली की पैशाआधी तास संपतात. माझा की फॅक्टर तो.

सव्वासहाला लाईट गेली. आमच्या रत्नागिरीजवळच्या नाचणे गावात पावसाळ्यात हे धरूनच चालायचं. चार्जिंगचा दिवा लावून उरलेली दोन गणितं संपवली.

सकाळी ७

घावणे, चहा आणि बाबांचा पेपर. बाबा एसटीत कंडक्टर होते. पेपर उघडला की ते आधी छोट्या जाहिराती वाचतात, मोठ्याने. “अकाउंटंट पाहिजे. टॅली, जीएसटी आवश्यक. स्थानिकास प्राधान्य. पगार, मुलाखतीअंती.” मुलाखतीअंती म्हणजे कमी, हे आता घरात सगळ्यांना कळलंय.

माझी नोकरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत होती. कंपनी बंद पडली नाही, तोट्यातही नव्हती. मुख्य कार्यालयाने सगळ्या शाखांचे हिशेब एका जागी न्यायचं ठरवलं. आधी आमच्याकडच्या एन्ट्री गेल्या, मग बँकेची जुळवणी, शेवटी आमच्या हातात बिलं स्कॅन करून पाठवणं एवढंच उरलं. ते काम शिपाईही करू शकतो हे वरच्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. मार्चअखेरचं क्लोजिंग मात्र आमच्याकडून करून घेतलं आणि मग सांगितलं.

“राजीनामा लिहून द्या, कागद स्वच्छ राहतो,” असं तिथे सुचवण्यात आलं. बाबा युनियनमध्ये होते, त्यामुळे त्यांनी एकच गोष्ट बजावली: राजीनाम्यावर सही करायची नाही, सेवा संपवल्याचं पत्र घ्यायचं. हा सल्ला लाखमोलाचा निघाला. ज्यांचा ईएसआय कापला जातो, म्हणजे ज्यांचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असतो, त्यांच्यासाठी माझी नोकरी गेली तेव्हा अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना होती. नोकरी गेल्यावर सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. स्वेच्छेने निवृत्त झालेल्याला किंवा गैरवर्तनाबद्दल काढलेल्याला ती नाही. त्यामुळे हातातल्या पत्रात काय लिहिलंय यावर बरंच ठरतं. दुसरं म्हणजे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे. नोकरी संपली की दोन कामाच्या दिवसांत देय वेतन चुकतं करायला हवं, असं तिच्यात आहे. “फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी,” असं एचआरवाले अजूनही सवयीने सांगतात. त्यांना कलम दाखवलं तर चालतं, आवाज चढवायची गरज पडत नाही.

आमच्या घराला नोकरी जाणं नवीन नाही. थोरले काका परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, काका पावसाळ्यापुरते म्हणून गावी आले आणि गावचेच झाले. त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यातल्या किती घरांची मनीऑर्डर थांबली असेल! काका कधी काही बोलत नाहीत. मला फक्त एवढं म्हणाले, “तुझ्या हातात निदान चालू काम आहे गो. आमचा साचाच बंद झाला.”

सकाळी ८

नोकरी शोधायला एक तास, आठ ते नऊ. जास्त नाही. सुरुवातीला मी दिवसभर फोन चाळत असे आणि संध्याकाळी अर्जही झालेला नसे, अभ्यासही नसे.

रत्नागिरीत अकाउंटंटची जागा पोर्टलवर क्वचित येते. सरकारच्या महास्वयं पोर्टलवर नाव नोंदवलंय, जिल्हा कौशल्य विकास केंद्राच्या रोजगार मेळाव्याचे मेसेज येतात. तिथे मागणी जास्त करून फिटर, वेल्डर, नर्स आणि विक्री प्रतिनिधींची. हिशेबाच्या माणसाची नेमणूक ओळखीतून होते, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. हा माणूस धंद्याची खरी कमाई बघणार, बँकेचा पासवर्ड त्याच्या हाती जाणार. मालक आधी विचारतो, “कुणाची मुलगी?” मग विचारतो, “टॅली येतं?” म्हणून माझा तास अर्ज करण्यात कमी आणि माणसांना आठवण देण्यात जास्त जातो. जुन्या कंपनीचे पुरवठादार, कॉलेजच्या मैत्रिणी, ज्या सीएंच्या ऑफिसात ऑडिटची फाइल द्यायला जायचे तिथले आर्टिकल. मेसेज छोटा: काय येतं, किती वर्षं केलं, कधीपासून येऊ शकते.

आज विरारहून मावसभावाचा फोन. “मुंबईला ये, पंचवीस हजार सहज देतील.” देतीलही. त्यातून विरारची खोली, लोकलचा पास, बाहेरचं एक वेळचं जेवण वजा केलं की घरी पाठवायला जे उरेल ते इथल्यापेक्षा फार जास्त नाही, आणि रोजचे चार तास विरार ते अंधेरी आणि परत यात गेले की डिसेंबरची परीक्षा गेलीच. त्याला मी नाही म्हटलं नाही. परीक्षेनंतर बघू म्हटलं.

सकाळी साडेनऊ

साळवी स्टॉपजवळचं हार्डवेअरचं दुकान. लॅपटॉप दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, त्यावर सॅक, त्यावर रेनकोट, आणि मी स्कूटीवर.

शेठनी काउंटरखालून पिशवी काढली. नायलॉनची, बाजाराची. गेल्या महिन्याचे सगळे कागद तिच्यात: विक्रीची बिलं, खरेदीची बिलं, डिझेलच्या पावत्या, बँकेच्या स्लिपा आणि एका लग्नाची पत्रिका. “मॅडम, उद्या शेवटची तारीख ना? म्हणून आजच काढून ठेवलं,” असं ते अभिमानाने म्हणाले.

जूनच्या विक्रीचं जीएसटीआर-१ उद्या अकराला गेलं नाही, तर चौदा तारखेला गिऱ्हाइकांचं जे टूबी, म्हणजे खरेदीवरच्या क्रेडिटचं पत्रक, तयार होतं त्यात या दुकानाची बिलं दिसणार नाहीत. मग ज्या कंत्राटदारांनी इथून सिमेंट आणि सळ्या उचलल्या, त्यांना या महिन्यात क्रेडिट मिळणार नाही, आणि ते शेठना फोन करतील, शेठ मला. दंडाची भीती यापुढे काहीच नाही. बाजारात वेळेवर रिटर्न भरायला लावतात ते गिऱ्हाईक.

बसल्या बसल्या पहिलाच गोंधळ. एका कंत्राटदाराचं बिल, तीस हजारांच्या वरचं. जीएसटी नंबर पंधरा खुणांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राला २७. पुढची दहा अक्षरं पॅनची. शेवटची खूण तपासणीची, त्यामुळे लिहिताना एखादं अक्षर चुकलं तर पोर्टल बहुतेक वेळा तिथेच अडवतं. पण इथे नंबर बरोबर होता आणि माणूस चुकीचा. दोन सख्खे भाऊ, दोघांच्या फर्मचं नाव जवळजवळ सारखं, मोठ्याने माल नेला आणि बिलावर धाकट्याचा नंबर पडला. पोर्टलला यात काहीच वावगं दिसणार नाही. क्रेडिट धाकट्याच्या घरात जाईल. शेठना विचारलं तर ते म्हणाले, “एकाच घरात आहेत की!” घर एक असेल, चुली वेगळ्या झाल्यात हे अख्ख्या साळवी स्टॉपला माहीत आहे. मोठ्याला फोन लावून नंबर घेतला.

दुसरं दुखणं पावसाचं. हल्ली पुष्कळ पावत्या पातळ, गुळगुळीत कागदावर येतात, उष्णतेने छापलेल्या. उन्हाळ्यात गाडीच्या काचेमागे ठेवल्या तर काळ्या पडतात, पावसाळ्यात इथल्या दमट हवेत फिक्या. पेट्रोल पंपाच्या काही पावत्यांवर आता फक्त पंपाचं चिन्ह उरलंय. खिडकीशी तिरप्या धरल्या की आकड्याचा ठसा दिसतो. असे दिसतील तेवढे आकडे उतरवून घेतले. बाकीच्यांची बँकेच्या उताऱ्यावरून जुळणी.

२२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्या आठवड्यात यांच्या टॅलीत दर बदलून द्यायला मी नोकरी सांभाळून रात्री आले होते. तेव्हा ओळख झाली आणि तीच आता कामाला आली. महिन्याचे तीन हजार देतात. पिशवी निवडण्यापासून रिटर्नपर्यंत वीस तास जातात. तासाला दीडशे.

दुपारी १२

जयस्तंभाजवळ एका वितरकाच्या ऑफिसात मुलाखत. जुन्या पुरवठादाराने नाव सुचवलेलं. रेनकोट जिन्यातल्या खिळ्याला लावून वर गेले.

पहिली दहा मिनिटं कामाची. ई-वे बिल कोण काढायचं, स्टॉक आणि बुक्स जुळायचे का, उधारीची यादी किती दिवसांनी द्यायची. या प्रश्नांना उत्तरं द्यायला बरं वाटलं. माणूस धंदा कळणारा होता. मग गाडी वळली.

“सीए का नाही केलं?”

हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की उत्तर तयार असतं. सीएला इंटर झाल्यावर आर्टिकलशिप. जुलै २०२३ पासून ती तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली, पण त्या काळात दुसरी नोकरी करता येत नाही आणि स्टायपेंडवर घर चालत नाही. सीएमएला नोकरी करत परीक्षा देता येते आणि केलेल्या कामाचा अनुभव प्रशिक्षणात धरला जातो. जुनी माणसं ‘आयसीडब्ल्यूए’ म्हटलं की लगेच ओळखतात. २०१२ मध्ये संस्थेचं नाव बदललं, तेव्हापासून मधल्या पिढीला कळेनासं झालं. कॉस्ट अकाउंटंटांचा कायदा १९५९ चा आहे, म्हणजे हे काही काल निघालेलं प्रकरण नव्हे. ते म्हणाले, “हां, आयसीडब्ल्यूए! मग ठीक.”

“लग्नाचं काय?”

सध्या विचार नाही, म्हटलं. मुलग्यांना विचारता का, हे तोंडापर्यंत आलं होतं, ते तिथेच ठेवलं.

पगार चौदा हजार. साडेनऊ ते साडेसात, रविवार सुट्टी. पीएफ? “सहा महिन्यांनी बघू.” वीस किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी पीएफ पहिल्या दिवसापासून लागतो, आणि जिना चढून मी गेले त्या मजल्यावरच मला पंचवीसेक टेबलं दिसली होती. ते बोलले नाही. त्याऐवजी विचारलं, सकाळी दहा ते दोन असं अर्धवेळ चालेल का? काम पूर्ण करून देईन, पगार अर्धा द्या.

ते खरंच विचारात पडले. मग म्हणाले, “काम होईल हो, पण माणूस ऑफिसात दिसायला पाहिजे.”

महिन्याचे सव्वीस दिवस, रोज दहा तास: दोनशे साठ. चौदा हजारांना त्याने भागलं तर तासाला चोपन्न रुपये. हार्डवेअरच्या पिशवीपेक्षा कमी. तरी ही नोकरी मी पायरी उतरताना झटकून टाकली नाही. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येणारी रक्कम आणि संस्थेला दाखवता येईल असं अनुभवाचं पत्र, या दोन गोष्टी तासाच्या भावात मावत नाहीत. सोमवारपर्यंत कळवा, म्हणालेत.

दुपारी २

डबा नगर वाचनालयाच्या आडोशाला खाल्ला. १८२८ चं वाचनालय. तिथल्या शांततेत घास चावल्याचाही आवाज होतो म्हणून आत नाही गेले. टाकळ्याची भाजी आणि भाकरी. मग मिरकरवाडा बंदरावर.

एक जूनपासून एकतीस जुलैपर्यंत मासेमारी बंद. बंदरात होड्या शाकारलेल्या, जाळी ओटीवर पसरलेली, आणि बायका-माणसं ती विणत बसलेली. हंगामात या लोकांना हिशेबाबद्दल विचारायची सोय नसते. म्हणून बोटीचं वर्षाचं पुस्तक जुलैत लिहायचं. माझ्याकडे एका बोटीचं पुस्तक आहे; तिचा सगळा व्यवहार तिथल्या एक काकी बघतात. तांडेल समुद्र बघतो, नवरा लिलाव बघतो, वही काकींकडे.

“ये गो बाय. नोकरी लागली काय?”

“नाही अजून.”

“बरं झालं. लागली असती तर माझं कोण लिहिणार होतं?”

काकींची वही म्हणजे शाळेची दोनशे पानी. डावीकडे आलेले, उजवीकडे गेलेले. डिझेल, बर्फ, खलाशांचं रेशन, जाळ्याची दुरुस्ती, पंख्याचं काम. बेरजा चोख. पण नफा मात्र त्या वहीत कधीच दिसत नाही, आणि त्याचं मुख्य कारण ‘उचल’. हंगामाआधी खलाशांना, त्यात नेपाळचे बरेच, आगाऊ रक्कम द्यावी लागते, नाहीतर ते दुसऱ्याच्या बोटीवर जातात. काकी ती रक्कम दिल्या दिवशी ‘गेली’ म्हणून लिहितात. हिशेबशास्त्राच्या दृष्टीने ती अजून गेलेली नाही; ते खलाशाकडून येणं आहे. तो काम करील तसतशी ती मजुरीत वळती होणार. हंगाम अर्धवट टाकून पळाला तर मात्र बुडीत. प्रत्येक खलाशाच्या नावाने एक पान काढलं: उचल इतकी, फिटली इतकी, बाकी इतकी. एका नावापुढे काकींनी बोट ठेवलं. “हा नाय येणार.” कशावरून? “फोन उचलत नाय.” बुडीत खात्याला याहून सरळ पुरावा पुस्तकात सांगितलेला नाही.

उलट एक गोष्ट त्यांनी लिहिलीच नव्हती. डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा सरकारकडून सोसायटीमार्फत येतो, आणि उशिरा येतो. काकींच्या मते हातात पडेल तेव्हा पैसे. माझ्या मते ते येणं आहे आणि ताळेबंदात दिसलं पाहिजे. कारण यंदा नवं इंजिन घ्यायचंय आणि बँक तीन वर्षांचे ताळेबंद मागते आहे. नाहीतर इतकं लिहायचं कारण नव्हतं. छोट्या धंद्याला उलाढालीच्या आठ टक्के नफा दाखवून मोकळं होता येतं, एवढी वर्षं काकी तेच करत होत्या. त्या आठ टक्क्यांवर बँक इंजिन देत नाही.

बर्फवाल्याला रोख देण्याचा विषय काढला. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर तो खर्च कर मोजताना धरत नाहीत. काकींनी ऐकून घेतलं आणि मग स्वतःचा प्रश्न काढला.

“आंबेवाल्यांना टॅक्स नाय, आमालाच कशाला? पेपरात आलं होतं, मासेमारी आता शेतीच.”

बरोबर वाचलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्याने विजेचा दर, कर्ज, विमा या बाबतीत फरक पडतो. प्राप्तिकर केंद्राचा, आणि त्यात शेतीचं उत्पन्न म्हणजे जमिनीतून आलेलं. हापूस जमिनीतून येतो, बांगडा नाही.

काकी म्हणाल्या, “म्हणजे माशाला मुळं नायत म्हणून.”

कायद्याच्या पुस्तकात या कलमावर इतकी सुटसुटीत टीप मी वाचलेली नाही.

वर्षाच्या पुस्तकाचे सहा हजार ठरलेत. निम्मे आज मिळाले, वर पिशवीभर सोडे. पंधरा तास धरले तर तासाला चारशे, सोडे सोडून.

संध्याकाळी ५

घरी. ओले कपडे, चहा, आणि भाट्याच्या होमस्टेवाल्या ताईंचा फोन. त्यांची उलाढाल वीस लाखांच्या आत, त्यामुळे जीएसटीची नोंदणी नाही. फक्त रोजकीर्द आणि वर्षाचं रिटर्न. त्या रोज रात्री पावत्यांचे फोटो पाठवतात, तारखेसकट. महिन्याचे हजार रुपये आणि माझे दोन तास. तासाला पाचशे. चार वाक्यांत फोन संपला. अशा गिऱ्हाइकाबद्दल लिहायला फारसं काही नसतं.

संध्याकाळी ६

शेजारच्या कॉलनीतले शिक्षक फॉर्म १६ घेऊन येतात. एका रिटर्नचे चारशे. पाऊण तासात होतं.

यंदा या टेबलावर दोन कायदे आहेत. गेल्या आर्थिक वर्षाचं रिटर्न १९६१ च्या कायद्याने भरायचं, आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या पगारावरचा टीडीएस नव्या, २०२५ च्या कायद्याने कापला जातोय. कलमांचे आकडे बदललेत. ‘एटीसी’, म्हणजे ८०सी, हा शब्द आपल्याकडे भाजीवालीलाही कळतो. आता तो आकडाच गेला. गुरुजी विचारतात, “मग माझी एलआयसी?” नव्या करप्रणालीत तिची वजावट तशीही नाही, पण बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो आणि पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट वेगळी. दोन्ही तऱ्हांनी आकडे काढून त्यांच्यासमोर ठेवले. नव्यात कर शून्य. तरी त्यांचा चेहरा पडलेलाच. आयुष्यभर हप्ते भरून वाचवलेल्या कराचं कौतुक करणारं कुणी उरलं नाही.

रात्री साडेनऊ

जेवण झालं, आई-बाबा मालिकेसमोर. मी वहीचं शेवटचं पान उघडलं. रोज दोन रकाने भरते: कशाला किती तास, त्याचे किती रुपये. आजचा क्रम असा लागला. गुरुजींचं रिटर्न तासाला पाचशेच्या वर, होमस्टे पाचशे, बोट चारशे, हार्डवेअर दीडशे, दिवसभराची नोकरी चोपन्न. रिटर्नं जुलैपुरती, बोट वर्षातून एकदा; बारमाही दोनच, होमस्टे आणि हार्डवेअर, आणि दोघांचे मिळून चार हजार. यावर घर चालत नाही, बाबांच्या पेन्शनीवर टेकतं. भाव चांगला आणि तास थोडे, किंवा तास भरपूर आणि भाव पडलेला: सध्या बाजार असा आहे. मधली वस्तू, म्हणजे अर्ध्या दिवसाची अर्ध्या पगाराची पण पक्की नोकरी, रत्नागिरीत कुणी विकायला ठेवत नाही.

सोमवारी काय कळवायचं ते ठरलंय. डिसेंबरपर्यंत दहा ते दोन, सात हजार, पीएफ पहिल्या दिवसापासून. डिसेंबरनंतर पूर्ण वेळ. नाही म्हणाले तर सुटी कामं आहेतच, आणि साळवी स्टॉपच्या शेठना पाच हजार सांगायचे. पिशवी निवडायचे वेगळे.

उद्या अकरा. आधी रिटर्न जाईल, मग ऑडिटिंगचं प्रकरण.

जाता जाता इथल्या दुकानदारांना विनंती. गेल्या महिन्याची बिलं पाच तारखेपर्यंत द्या, दहाला नको. पातळ कागदावरच्या पावतीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. आणि हिशेबाला माणूस सकाळच्या चार तासांपुरता चालणार असेल तर जाहिरातीत तसं स्पष्ट लिहा. या गावात सीए-सीएमए करणारी मुलं-मुली पुष्कळ आहेत. तुमचं दिवसभराचं काम ती दुपारी दोनच्या आत उरकून देतील.